लामत्यापर्यंतचा परदेश

परदेशी जायला निघालेला माणूस घरापासून तासाभरावरच्या लामत्याहून परत आलेला तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मग तो कप जरा खाली ठेवा आणि माझ्याकडे नीट बघून घ्या. हाच तो माणूस!

हसू नका. म्हणजे हसा, पण जरा दमानं. आत्ताच सगळं हसून टाकलंत तर पुढे काय कराल?

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा तेंदूपत्त्याचा लहानसा ठेकेदार होतो. उन्हाळ्यात जंगलात, बाकीचं वर्ष बालाघाटच्या चौकात गप्पा मारत. माझ्याकडे एक जीप होती, जंगलखात्याच्या लिलावातली. खरं सांगायचं तर लिलावात मी ताडपत्री घ्यायला गेलो होतो. साहेबांनी जीपची बोली पुकारताना माझ्याकडे बघितलं आणि मला काही ‘नाही’ म्हणवेना. झालं, जीप माझी!

हा माझा जुना रोग. तोंडातून ‘हौ’ लगेच निघतं, ‘नाई’ घशातच अडकतं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझी मुलगी शकू जबलपूरला कॉलेजात शिकवत होती. त्या वर्षी तिला दिल्लीकडे मोठी नोकरी लागली. जायच्या आधी पंधरा दिवसांची सुट्टी घेऊन ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, “बाबा, मी मॅट्रिक झाली तवा तुमी काय म्हटलं होतं?”

“काय म्हटलं होतं?”

“तुले परदेश दाखवतो म्हटलं होतं. आता मी दुसऱ्यायले शिकवून राह्यली, अजून परदेश आला नाई.”

मी इकडेतिकडे बघितलं. बायको, म्हणजे शकूची आई, शांतपणे वरण वाढत होती. तिनं मदत केली नाही.

“नेपाळले चालू,” शकूच म्हणाली. “पासपोर्ट नाई लागत. काठमांडूपर्यंत मोटारचा रस्ता झाला. आपली जीप हाय, मी चालवतो. पण एक शर्त हाय, बाबा. आपण दोघंच. दोन पिशव्या. मन लागलं तिथं थांबू, भूक लागली तिथं खाऊ. रस्त्यात कोणाची मावशी नाई, कोणाचा निरोप नाई. एकदम आरामात. बोला, हौ का नाई?”

“हौ!” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुम्हाला सांगतो, मला त्या दिवशी फार आनंद झाला. पोर मोठी झाली, शिकली, आता दूर जाणार. तिच्या मनात आलं की बापाबरोबर काही दिवस काढावेत. असा बाप किती नशीबवान! मी बायकोला विचारलं, “तू येतं का?”

“शकू म्हणते दोघंच. अन् गायीले कोण पाहीन?” ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही. ही माझी दुसरी चूक. पहिली अजून यायची आहे.

दुसऱ्या दिवशी नवे बूट घेतले, नवे मोजे घेतले. परदेशात फाटक्या मोज्यांनी कसं जायचं? देशाची इभ्रत असते. ते मोजे घालून मी परसवाड्याच्या बाजाराला गेलो. काम काहीच नव्हतं. पण काठमांडूला जाणारा माणूस घरात बसून राहिला तर लोकांना कळणार कसं?

“काकाजी, नवे बूट?” भाजीवाल्यानं विचारलं.

“हौ. परदेशात जाऊन राह्यलो.”

संध्याकाळपर्यंत अख्ख्या परसवाड्याला कळलं. बालाघाटला तर मी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती.

तेव्हा दिवस होते नव्या धानाचे. आमच्याकडे नवं पीक घरात आलं की पहिली मूठ देवाला. रामपायलीची माझी मावसबहीण भिवराबाई सकाळीच दारात उभी. हातात एवढीशी पोटली.

“दादा, नेपाळात पशुपतिनाथ हाय म्हणतात. नव्या चिन्नोराची एक मूठ आणली. माझ्या नावानं वाहजो. रामाले तं दर वर्षी वाहतो, महादेव रुसला असंन.”

आता सांगा, एक मूठ तांदूळ! रुसलेला महादेव! नाही कसं म्हणायचं?

“हौ,” म्हणालो. ही पहिली चूक.

भिवराबाईचं घेतलं, मग शेजारच्या कुंभारेबाईंचं कसं नाकारणार? कुंभारेबाईंचं घेतलं, तर समोरच्या चौधरींनी काय पाप केलं होतं? दुपारपर्यंत ओसरीवर रांग लागली. आणि मूठ मूठच राहील तर शपथ!

“देवाले का मूठभर देतेत, ठेकेदार? चांगली पायलीभर घ्या. वरून पाह्यते तो!”

जिला तिला आपली पोटली दुसरीपेक्षा उठून दिसायला हवी होती. कोणी जुन्या पोलक्याची शिवली, कोणी उशीच्या अभ्र्याची, कोणी पडद्याची. आणि प्रत्येकीनं निक्षून सांगितलं, “मिसळवजा नाई हं, काकाजी. ज्याच्या त्याच्या नावानं वेगळं वाहजा.”

आमच्या गल्लीत शुक्लाइन बाई नव्यानं भाड्यानं राहायला आल्या होत्या. नवरा कुठेतरी बाहेर नोकरीला, आठवड्यातून एकदा यायचा. आम्ही कोणी त्याला धड पाहिलाही नव्हता. त्या निळ्या पट्ट्यांची लांबच लांब पोटली घेऊन आल्या. “भाईसाहब, हमारे इनके नाम से चढ़ा देना. तरक्की अटकी है.”

“हौ. मतलब, हां!”

आता तुम्ही म्हणाल, त्या वर्षी तर तांदूळबंदी होती. जिल्ह्याबाहेर तांदूळ न्यायचा नाही, हद्दीवर नाके बसवलेले. मला ठाऊक नव्हतं का? अहो, चौकात त्या विषयावर सगळ्यांत मोठ्या आवाजात मीच बोलायचो! पण खरं सांगतो, हा तो तांदूळ आहे असं माझ्या डोक्यात आलंच नाही. बंदी व्यापाऱ्याच्या तांदळाला. हा तर महादेवाचा! महादेवाला कोण अडवणार?

मला भीती होती ती नाक्याची नाही, शकूची. दोन पिशव्या म्हणाली होती.

मग काय करतो? ती मैत्रिणींना भेटायला गेली तेवढ्यात मी जीप भरली. मागच्या सीटखाली पोटल्या. होल्डॉलच्या दोन्ही कप्प्यांत पोटल्या. स्टेपनीच्या कव्हरात चार-पाच. तरी उरल्या, तेव्हा हत्यारांची पेटी रिकामी केली. जॅक, पाना, पंप सगळं काढून पलंगाखाली ढकललं आणि तिथे कुंभारेबाई अन् चौधरी यांना बसवलं. शेवटची पोटली कुठेच मावेना, तेव्हा ती सोडून तांदूळ थर्मासमध्ये ओतला. बायको दारात उभी राहून सगळं बघत होती.

“अजी, चहा कायच्यात नेता मंग?”

“परदेशात चहा भेटते,” मी म्हणालो.

सकाळी निघालो. गल्लीनं कुंकू लावलं, नारळ फोडला. शकूनं गिअर टाकला, जीप कण्हली आणि मागून खाली बसली.

“बाबा, जीप मागून काहून दबली?”

“वय झालं तिचं. कंबर गेली.”

शकूनं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. पण काय मस्त वाटत होतं म्हणता! सकाळचं कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना कापलेलं धान, शेजारी माझी पोर. तिनं गाणं गुणगुणायला सुरुवात केली. म्हणाली, “बाबा, असं किती दिवसानं बसलो आपण दोघं!”  मनात आलं, आत्ताच सांगून टाकावं. पण तिचं गाणं थांबलं असतं ना!

लामत्याला चहाला थांबलो. अर्धा कप संपतो न संपतो तोच शकू म्हणाली, “बाबा, आपल्या गाडीपाशी कोंबड्या काहून जमा होऊन राह्यल्या?”

वळून बघतो तर काय, स्टेपनीच्या कव्हराला भोक पडलेलं! आम्ही आलो त्या रस्त्यावर पांढरी रेघ, आणि त्या रेघेवरून सगळ्या लामत्याच्या कोंबड्या चालत येत होत्या, वरातीसारख्या.

“इथल्या कोंबड्या माणसाळल्या हायेत,” मी म्हणालो. “चाल, उशीर होते.”

“आरामात जाऊ म्हटलं ना?”

“आरामातच. पण लवकर!”

कव्हराच्या भोकात रुमाल कोंबला आणि निघालो. थोडं पुढे गेलो तर हद्दीवरचा नाका. आडवा बांबू, एक शिपाई आणि खुर्चीवर खाकीतले इन्स्पेक्टर साहेब.

“क्या है गाड़ी में?”

“कुछ नहीं साहेब, कपड़े है,” मी म्हणालो.

आणि मागच्या सीटखालून आवाज आला, “पक्... पक् पक्... पकाऽऽक!”

एक कोंबडी! लामत्याला कधी चढून बसली देव जाणे. सीटखाली बसून ती तब्येतीनं जेवत होती, आणि नेमकी तेव्हाच तिला ढेकर द्यावीशी वाटली.

साहेब खुर्चीतून उठले. “कपड़े बोलते भी हैं आपके?”

शिपायानं सीट उचलली. पोटल्या! होल्डॉल सोडला. पोटल्या! हत्यारांची पेटी उघडली आणि साहेब क्षणभर बघतच राहिले. मग त्यांचं लक्ष थर्मासकडे गेलं.

“इसमें तो चाय होगी?”

 त्यांनी झाकण उघडून वाकडा केला. सुर्रर्र! चिन्नोराचा काय घमघमाट सुटला सांगू! साहेबांनी माझ्याकडे जवळजवळ आदरानं बघितलं. “इतने साल की नौकरी में बड़े-बड़े तस्कर देखे. थर्मस किसी को नहीं सूझा.”

पण मला साहेबांचं काही वाटलं नाही. शकू हाताची घडी घालून उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मले वाटलं, तुमी माझ्यासंगं येऊन राह्यले. तुमी तं अख्खा मोहल्ला घेऊन आले.”

 कोंबडीसुद्धा गप्प झाली.

“ये सब किसका माल है?” साहेबांनी रस्त्यावर पोटल्या मांडल्या. मला कापडावरून सगळ्या ओळखू येत होत्या. माझं हिंदी घाबरलं की आणखीच बिघडतं.

“साहेब, ये माल नहीं, ये महादेव का है. ये फूलवाला पोलका भिवराबाई का. ये पडदा चौधरी का. ये अभ्रा कुंभारेबाई का. अन् ये निळी पट्टीवाली...”

साहेबांनी ती पोटली माझ्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली. एका जागी ठिगळ होतं, त्यावर बोट फिरवलं. चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला.

“ये किसने दी?”

“हमारे गल्ली की शुक्लाइन बाई. बोली, मेरे आदमी के नाम से चढ़ाना, तरक्की अटकी है.”

“दो महीने से!” साहेब गरजले. “दो महीने से मैं ये पजामा ढूँढ रहा हूँ! पूछता हूँ तो कहती है, धोबी ले गया!”

शिपायानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. आणि शकू? शकू खुदकन हसली. मी देवाचे आभार मानले. देवाचे म्हणजे कोणाचे, हे तुम्हीच ठरवा.

शुक्लासाहेबांची मोठी पंचाईत झाली. पकडावं तर कागदावर बायकोचं नाव लिहावं लागणार. सोडावं तर नोकरी जाणार. शेवटी म्हणाले, “गाड़ी मोड़िए. हमने कुछ नहीं देखा. लेकिन एक दाना भी पार नहीं जाएगा.” आणि हळूच विचारलं, “पजामा... मिल सकता है?”

“महादेव को जाने के बाद,” मी म्हणालो. काय करणार, तत्त्व म्हणून काही असतं!

आता तांदूळ घरी तर नेता येईना. देवाच्या नावानं निघालेलं पुन्हा कोणी घरात घेईल का? शकू म्हणाली, “लामत्याले महादेवाचं मंदिर हाय ना? तिथं वाहा सगळं, अन् आजच्या आज पुढे निघू.” गाडी वळवली. आणि लामत्याच्या वेशीवर, फाट्! मागचं टायर बसलं. स्टेपनी होती हो, छान होती. जॅक अन् पाना पलंगाखाली!

बालाघाटकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ निरोप दिला, ‘घरी सांगजा, पाना पाठवा, लामत्याले हावो.’ मग पोटल्या डोक्यावरून देवळात नेल्या. पुजारीबुवांनी एकेकाचं नाव घेत पिंडीवर चिमूटचिमूट वाहिलं. बाकीच्या तांदळाचं काय? गावानं सांगितलं, शिजवा! चुलाणं पेटली, हंडे चढले, वरणाची डाळ गावानं दिली. कोंबडी मालकिणीला परत केली, ती घेताना म्हणाली, “जड लागून राह्यली, भाऊ!” शुक्लासाहेब ड्युटी संपवून आले, पोटभर जेवले आणि पजामा घडी करून घेऊन गेले.

मी मात्र शकूच्या जवळ जायची हिंमत करत नव्हतो. ती देवळाच्या पायरीवर बसून नुसती जीपकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. पोरीनं बापाचे पंधरा दिवस मागितले होते आणि बापानं ते गल्लीला वाटून टाकले होते, पायलीपायलीनं.

दुसऱ्या दिवशीच्या बसमधून शकूची आई उतरली. एका हातात जॅक, दुसऱ्या हातात पंप, काखेत एक पिशवी.

“पाना कुठी हाय?” मी विचारलं.

“पिशवीत.”

“अन् पिशवीत हे लुगडं काहून?”

“असंच.”

असंच म्हणे! पिशवीत दोन लुगडी होती, स्वेटर होता, गोळ्या होत्या, चहाची पुडी होती. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.  शकूनं स्वतः चाक बदललं, हात पुसले आणि म्हणाली, “बाबा, गावजेवणाचे हंडे अजून उतरले नाईत. घेतलं तं निभवावं लागते ना?”

“हौ,” म्हणालो. सवय!

“मंग तुमी थांबा. आईनं कधी परदेश मागितला नाई, पण तिले कोणी दुसऱ्यांदा विचारलंही नाई. आई, बस.”

शकूची आई पुढच्या सीटवर, माझ्या जागेवर, अशी बसली की जणू जन्मभर तिथेच बसत आली होती. मला म्हणाली, “गायीले सकाळी सरकीची ढेप घालजा. अन् कोणाले हौ म्हणू नका.”

जीप निघाली. रिकामी जीप काय टुणकन उड्या मारत पळते म्हणता! कंबर एकदम ठीक झालेली. आणि मी तिच्याकडे बघत असताना माझ्या डोक्यात लख्ख वीज चमकली. अख्ख्या गल्लीचा तांदूळ महादेवाला वाहिला, शुक्लासाहेबांच्या पजाम्याचा वाहिला, आणि माझा? माझी मूठ राहूनच गेली होती!

परातीतून मूठभर कच्चा तांदूळ उचलला. बांधायचं कशात? रुमाल स्टेपनीत गेलेला. पायातला नवा मोजा काढला, त्यात तांदूळ ओतला, गाठ मारली आणि एक बूट घालून, एक पाय अनवाणी, लामत्याच्या रस्त्यावर धावत सुटलो.

“शकूऽऽ! थांब! एक मूठ! माझ्या नावानं वाहजो!”

जीप थांबली. शकूनं मोज्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बाबा, तुमी नाई सुधरत!” म्हणाली. पण मोजा घेतला हो! समोर काचेजवळ ठेवला. शुक्लासाहेबांनीही तेवढ्या मुठीकडे काणाडोळा केला म्हणे.

पुढे दोघी काठमांडूला पोचल्या, आरामात. तिथल्या फोटोवाल्याकडून काढलेला फोटो आमच्या बैठकीत लावलाय, जाताना बघा. शकूची आई स्वेटर घालून ऐटीत उभी आहे, शकू हसते आहे आणि दोघींच्या मध्ये, शकूनं उंच धरलेला, माझा मोजा आहे.

तेव्हा, मंडळी, ठेकेदार कधी परदेशात गेलाच नाही असं कोणी म्हणू नका. डावा पाय जाऊन आलाय. उजवा अजून बालाघाटातच आहे.